मुकादमाशी करार : नोटरी झाली म्हणजे झालं?

प्रश्न : माझा ऊसवाहतुकीचा ठेका आहे. मुकादमाला रोख उचल दिली, करार नोटरी केला, कोरा चेक घेतला. ऊसतोड मजुरांची टोळी आलीच नाही. पैसे बुडाले का?
– एक वाचक, कोपरगाव

उत्तर : लगेच बुडाले म्हणू नका. मात्र नोटरी सहीची साक्ष देते, करारातली भोकं बुजवत नाही. किती कोयते (तोडणी मजुरांच्या जोड्या), कोणत्या तारखेला, उचल कशी फिटणार, टोळी अर्ध्यातून गेली तर काय, हे लिहिलंय का पाहा. उचलीचं देणं कबूल असल्याचं मुकादमाकडून लेखी घ्या; नाही दिलं तर वकिलाची नोटीस. दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते. कोऱ्या चेकवर मनाने आकडा टाकू नका. पुढच्या हंगामाला उचल हप्त्याने, बँकेतूनच द्या. साध्या कराराला 2024 पासून स्टँपही 500 रुपयांचा लागतो. आणि उचलीपोटी मजूर अडवून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, 1976 च्या वेठबिगारी कायद्याने तो गुन्हा आहे.