लिनक्सवर गाणं रेकॉर्ड करायचंय? कॉम्प्युटर आणि साउंड कार्ड निवडताना



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे अपडेट थांबवले. शाळांतले आणि घरातले बरेच जुने कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाहीत, त्यामुळे ते आता कपाटात किंवा भंगारात जायला निघालेत. त्यातला एक तरी गाण्यासाठी बाजूला काढा, असं मी आग्रहाने सांगणार आहे.

आपला हिंगोली जिल्हा म्हणजे नर्सी नामदेवचा जिल्हा. औंढा असो, सेनगाव असो की वसमत, भजनी मंडळ नाही असं गाव सापडणं कठीण. जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या आज्याही अजून आहेत, पण दरवर्षी कमी होतायत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, हे तुम्हाला माहीत असेल. ओवीचे शब्द वहीत उतरवता येतात. चाल मात्र ऐकूनच कळते, ती रेकॉर्डच करावी लागते.

"मग मोबाईल आहे की!" एकट्या आवाजाला मोबाईल ठीक आहे. पण पखवाज, पेटी, टाळ आणि गळा एकत्र आले की तो गडबडतो. मोबाईल बोलण्यासाठी बनवलेला, त्यामुळे पेटीचा लांब सूर त्याला कधी कधी गोंगाट वाटतो आणि तो दाबून टाकतो. शिवाय गळा वेगळा, पखवाज वेगळा असं नंतर कमी-जास्त करता येत नाही. लिनक्सवर ऑडॅसिटी आणि आर्डर या सॉफ्टवेअरमध्ये ते करता येतं. केरळच्या सरकारी शाळा तर कितीतरी वर्षं लिनक्सवरच चालतात, म्हणजे हे काही अवघड शास्त्र नाही.

अडचण एकच आहे. वस्तू बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या लिनक्ससाठी वेगळा ड्रायव्हर देत नाहीत. म्हणून घेतल्यावर जुळवत बसण्यापेक्षा आधी जुळणारी वस्तूच निवडायची.

सगळ्यात जास्त विचार कॉम्प्युटरचा नाही, साउंड कार्डचा करा. मी म्हणतोय ते बाहेरून यूएसबीला जोडायचं, ज्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. लॅपटॉपच्या बारक्या जॅकमध्ये माइक घातला तर आवाजापेक्षा सळसळच जास्त येते. इंटरफेस घेताना दुकानदाराला विचारायचं, "हा क्लास कम्प्लायंट आहे का?" म्हणजे यूएसबीच्या ठरलेल्या नियमाने चालणारा, वेगळा ड्रायव्हर न मागणारा. त्याला हा शब्द कळला नाही तर असं विचारा की आयपॅडला हा ड्रायव्हरशिवाय चालतो का. चालत असेल तर लिनक्सवरही बहुधा चालतो. फोकसराइटची स्कारलेट टू आय टू आणि बेहरिंगरची यूएमसी २०२ एचडी ही दोन माइक लावता येणारी मॉडेलं लिनक्सवाल्यांच्या चांगल्या वापरातली आहेत. दुसरी खूण म्हणजे बटणं. आवाज कमी-जास्त करायची गोल बटणं इंटरफेसवरच असावीत. सगळं कंपनीच्या ॲपमधूनच करायचं असेल आणि ते ॲप फक्त विंडोजचं असेल, तर ती वस्तू आपल्या कामाची नाही. जुने फायरवायरवाले इंटरफेस स्वस्तात मिळाले तरी नको.

आता 'उशीर' समजून घेऊ, कारण वर्गात शिकवायलाही हा छान धडा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १ मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. कॉम्प्युटर सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेतो आणि ते गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर २५६ चा ठेवला तर २५६ भागिले ४८,००० म्हणजे ५.३ मिलिसेकंद. जाऊन-येऊन दुप्पट, सुमारे ११. म्हणजे पखवाजवाला साडेतीन-पावणेचार मीटरवर बसल्यासारखं, मंदिरात बसतोच की तो तेवढ्यावर! बफर १०२४ केला तर हाच उशीर ४३ मिलिसेकंदांच्या आसपास जातो, म्हणजे पखवाज साडेचौदा मीटर लांब. मग हेडफोन लावून गाणाऱ्याचा ताल सुटणारच. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर तर अनेकदा १५० च्याही पुढे जातो, म्हणून रेकॉर्डिंगला वायरचाच हेडफोन.

बफर लहान ठेवूनही आवाज तुटू नये, यासाठी कॉम्प्युटर बरा लागतो. बरा म्हणजे महागडा नव्हे. ऑफिसांतून निघालेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड जातीचे सेकंडहँड लॅपटॉप मला नव्या चकचकीत स्वस्त लॅपटॉपपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात. रॅम ८ जीबी आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, एवढं बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेलंच चांगलं, गेमिंगवाला लॅपटॉप इथे उगाच डोकेदुखी. जागेची चिंता करू नका. एका माइकचं २४ बिटचं रेकॉर्डिंग मिनिटाला साडेआठ-नऊ एमबी घेतं, दोन माइकचा तास सुमारे १ जीबी. २४० जीबीत भरपूर मावतं.

मराठवाड्याचा उन्हाळाही हिशेबात धरा. तापलेला लॅपटॉप वाचण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो आणि नेमका तेव्हाच आवाज तडतडतो. जुना लॅपटॉप घेतला की आधी पंख्यातली धूळ काढून घ्या. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद आणि इंटरफेस थेट लॅपटॉपला, मध्ये यूएसबी हब नको.

लॅपटॉपच घ्या म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. शाळेत अर्थिंग धड नसेल तर रेकॉर्डिंगमध्ये सारखा 'हं' ऐकू येतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं की तो बऱ्याचदा गायबच होतो. लाइट गेली तरी भजन थांबत नाही. पण त्यासाठी जुन्या लॅपटॉपची बॅटरी तासभर टिकते का, ते बघूनच घ्या.

माइक नवा घ्यायची घाई नको. २६ जानेवारीला बाहेर निघतो तो शाळेचा डायनॅमिक माइक चालतो. पत्र्याच्या वर्गात तर कंडेन्सरपेक्षा तोच बरा, तो लांबचे आवाज कमी पकडतो. फक्त त्याची वायर बघा. ॲम्प्लिफायरसाठीच्या वायरच्या टोकाला बहुधा जाड जॅक असतो. इंटरफेससाठी दोन्ही टोकांना तीन पिनांची एक्सएलआर वायर लागते.

पैसे देण्याआधी पेन ड्राइव्हवर उबुंटू स्टुडिओ घालून दुकानात न्या. लॅपटॉप त्यावरून सुरू करा, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. इंटरफेस जोडा, बफर २५६ ठेवा आणि अर्धा तास रेकॉर्ड करा. आवाज तुटला की आर्डर 'एक्सरन' मोजून दाखवतं. आकडा शून्यावर राहिला तर घ्या, वाढतच गेला तर दुसरा लॅपटॉप बघा. दुकानदार अर्धा तास द्यायला तयार नसेल तर दुकानच दुसरं बघा.

एकदा जमलं की लॅपटॉपच्या खाली चिठ्ठी चिकटवा: लिनक्सची आवृत्ती, इंटरफेसचं मॉडेल, बफरचा आकडा. आपली बदली कधीही होते, आणि मागून येणाऱ्या सरांना किंवा मॅडमना हे सगळं पुन्हा शोधत बसायला लागू नये.