लोगो फाटला कसा?

मागच्या गॅदरिंगला बॅनरवर आमच्या डिपार्टमेंटचा लोगो आला तो पायऱ्या-पायऱ्यांचा! दोष फ्लेक्सवाल्याचा नव्हे, माझाच. इंकस्केपमध्ये काढलेला १ इंची लोगो मी ९६ डीपीआयला पीएनजी केला. म्हणजे आडवे पिक्सेल फक्त ९६, आणि तेच ३ फुटांवर ताणले गेले.

मित्रांनो, व्हेक्टर म्हणजे रेषांचं गणित. कितीही मोठं करा, कडा धारदारच. एक्स्पोर्ट केलं की मात्र ठराविक पिक्सेल उरतात. नंतर फोटोशॉपमध्ये साईज वाढवून काही उपयोग नाही. म्हणून हिशोब आधीच करायचा: छापायची रुंदी इंचांत, गुणिले डीपीआय. रिपोर्टच्या कव्हरवर ४ इंच, ३०० डीपीआय, म्हणजे १२०० पिक्सेल. बॅनर लांबून बघतात, त्याला १०० पुरे. माझे ३६ इंच म्हणजे ३६०० पिक्सेल हवे होते!

जेपीजी नकोच, कडांभोवती डाग पडतात, शिवाय पांढरा चौकोन चिकटतो. प्रेसला सरळ व्हेक्टर पीडीएफ द्या, पिक्सेलचा प्रश्नच मिटतो. फक्त आधी अक्षरांना ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, नाहीतर त्यांनी फाईल कोरलमध्ये उघडली आणि फॉन्ट नसला तर जोडाक्षरांची वाट लागते. पण हे कॉपीवर करा हं, कारण पाथ झालेल्या अक्षरांतलं शुद्धलेखन सुधारता येत नाही.