बर्फाच्या यंत्रातला पांढरा थर

लंडनच्या नळाचं पाणी बरंचसं चुनखडीच्या खडकांतून झिरपत आलेलं असतं. शाळेत आपण त्याला ‘दुष्फेन’ म्हणायचो. ओट्यावरच्या बर्फाच्या यंत्रात ते थंड धातूच्या कांड्यांवर गोठतं. गोठताना पाण्याचे रेणू इतकी नेमकी जाळी विणतात की विरघळलेल्या क्षारांना तिच्यात जागाच उरत नाही. ते मागच्या पाण्यात साठत जातात आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धरतो.

हा थर आम्लात विरघळतो. माहितीपुस्तिकेत मनाई नसेल तर यंत्राचा प्लग काढून टाकीत पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात भरा. उठणारे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. अर्ध्या तासाने मऊ कापडाने पुसा, दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा आणि पहिला बर्फ फेकून द्या.

थर निघाला म्हणजे जंतू मेले असं मात्र नाही. बुळबुळीत गुलाबी पापुद्रा सूक्ष्मजीवांचा असतो. तो साबणाच्या पाण्याने घासूनच काढावा लागतो. ‘एका दमात दोन्ही कामं’ म्हणून व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो फुप्फुसांना इजा करतो.