वाटेवरची पंगत

घरची भूक आणि प्रवासातील भूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घरी भूक लागते ती ठरल्या वेळी, आणि ताटात काय वाढले जाणार हेही बहुधा आधीच ठाऊक असते. प्रवासात मात्र भूक अवेळी लागते. मोकळा वारा लागला की ती दुणावते, आणि पुढच्या गावी काय मिळेल याचे कुतूहल तिच्यात मिसळलेले असते. म्हणूनच एखाद्या गावाचे नाव प्रवासी विसरून जातो. परंतु तेथे झाडाखाली बसून खाल्लेल्या गरम भाकरीची चव मात्र त्याला वर्षानुवर्षे आठवत राहते.

पूर्वी मराठवाड्यातील माणूस परगावी निघाला, की शिदोरी घेतल्यावाचून उंबरठा ओलांडीत नसे. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या. तिखट, मीठ, लसूण, कोथिंबीर आणि थोडे डाळीचे पीठ घालून ओल्या फडक्यावर थापलेले धपाटे. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि एखादा कांदा. बैलगाडीचा प्रवास दोन-दोन दिवसांचा असे. तेवढा काळ टिकेल आणि ताटावाचून हातावर घेऊन खाता येईल, असेच हे पदार्थ होते. ओढ्याच्या काठी बैल सोडावेत, फडके उलगडावे आणि मुठीने कांदा फोडावा, यासारखे सुख नव्हते.

तरीही शिदोरी आपल्याच घराची चव सांगते. ज्या मुलखातून आपण जात आहोत त्या मुलखाची चव कळावी, अशी इच्छा असेल तर फडके बाजूला ठेवून तेथल्या माणसांच्या पंगतीला बसावे लागते. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या गावांवरून लातुरास जाणारा रस्ता अशा प्रवाशासाठी मोठा उदार आहे. हे अंतर दीडशे किलोमीटरांहून कमीच. मोटारीने काही तासांत ते संपते. परंतु खरा खवय्या या वाटेवर सहज दोन दिवस घालवील.

नांदेडात पहिले जेवण कोठे करावे, हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. गोदावरीच्या काठी वसलेल्या या नगरात १७०८ साली शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान झाले. त्यांच्या स्मरणार्थ उभा असलेला सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. तेथे येणाऱ्या प्रत्येकास लंगरात जेवण मिळते. जात, धर्म, गाव, काहीही विचारले जात नाही आणि मोलही घेतले जात नाही. जोडे बाहेर काढावेत, डोके रुमालाने झाकावे, हातपाय धुवावेत आणि लांबच लांब पंगतीत जमिनीवर मांडी घालून बसावे, एवढेच नियम. लक्षाधीश आणि भिक्षेकरी एकाच पंगतीत बसतात. बादशहा अकबर गुरू अमरदासांच्या भेटीस गेला, तेव्हा त्यालाही आधी पंगतीत बसून जेवावे लागले, असे परंपरा सांगते. वाढणारा पोळी ताटात टाकीत नाही. घेणाऱ्याने दोन्ही हात जोडून पुढे करावेत आणि पोळी त्या ओंजळीत घ्यावी, अशी रीत आहे. पहिल्यांदा येणारा मुलगा एक हात पुढे करतो. शेजारचा त्याला डोळ्यांनी खुणावतो. मग तो लाजून दुसराही हात पुढे आणतो. घट्ट डाळ, एखादी भाजी, पंजाबी वळणाची जाड गव्हाची पोळी असे हे जेवण असते. ज्वारीच्या मुलखात गव्हाचे असे स्वागत पाहून प्रवाशाला नवल वाटते.

याच नगरात लंगर साहिब नावाचा आणखी एक गुरुद्वारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बाबा निधानसिंग यांनी तेथे अन्नदानास प्रारंभ केला. त्यांची एक आख्यायिका सांगितली जाते. निधानसिंग अनेक वर्षे सेवा करून थकले आणि पंजाबात परत जाण्यासाठी रेल्वेस्थानकावर येऊन बसले. तेथे त्यांना गुरूंचे दर्शन झाले. गुरूंनी त्यांना लंगर चालविण्याची आज्ञा केली आणि यापुढे हात तुझा व खिसा माझा, असे आश्वासन दिले. निधानसिंग गाडीत चढले नाहीत. ते परत फिरले आणि चूल पेटली.

जेवण झाल्यावर पुष्कळ यात्रेकरू उठून निघून जातात. काही मात्र बाह्या सरसावून भांडी घासावयास किंवा पोळ्या लाटावयास बसतात. दहा-बारा वर्षांची मुलेही पाण्याचे भांडे घेऊन पंगतीतून फिरतात. जेवण्याइतकाच आनंद वाढण्यातही असतो, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी त्या मुलांचे चेहरे पाहावेत.

नांदेड सोडले, की दोन्ही बाजूंस काळी जमीन पसरत जाते. या वाटेवर खाणावळींची वाण नाही. परंतु चांगली खाणावळ ओळखण्याची एक कला आहे. मोठी रंगीत पाटी पाहून गाडी थांबविणारा पुष्कळदा फसतो. जेथे मालमोटारींचे चालक थांबतात, जेथे बाजारातील हमाल दुपारी जेवतात, तेथील अन्न सहसा चांगले असते. कारण ती माणसे रोज येणारी, कष्टाने मिळविलेले पैसे मोजणारी आणि खोट्या चवीला न भुलणारी असतात. शिवाय प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. ‘तुमच्याकडे काय काय मिळेल?’ असे विचारले, तर दहा पदार्थांची यादी ऐकावयास मिळते. ‘आज घरी काय केले आहे?’ असे विचारले, तर वाढणारी बाई हसते आणि आतून वांग्याची भाजी, वरण व गरम भाकरी घेऊन येते.

या भाकरीचे थोडे सांगितले पाहिजे. गव्हाच्या पिठात जो चिकटपणा असतो, तो ज्वारीच्या पिठात नसतो. म्हणून ते कढत पाण्यात भिजवून तळहाताच्या टाचेने चांगले मळावे लागते. पीठ शिळे असेल तर भाकरी थापताना चिरते. थापलेली भाकरी तव्यावर टाकून तिच्यावर पाण्याचा हात फिरवितात, आणि उलटून निखाऱ्यावर धरली की ती टम्म फुगते, तिला पातळ पापुद्रा सुटतो. हा पापुद्रा हाच भाकरीचा मान. परंतु तो घटकाभरच टिकतो. भाकरी निवली की कडक होते. बर्फी डब्यात भरून मुंबईस पाठविता येते, लोणचे साता समुद्रांपलीकडे जाते. ही भाकरी मात्र कोठेही पाठविता येत नाही. ती खावयाची तर माणसानेच तिच्या चुलीपाशी जाऊन बसावे लागते.

गंमत अशी, की या ताटातील पुष्कळ जिनसांनी स्वतः मोठा प्रवास केलेला आहे. ज्वारीचे मूळ घर आफ्रिका. तेथून ती हजारो वर्षांपूर्वी भारतात आली. ठेच्यातील मिरची आणि चटणीतील शेंगदाणा ही अमेरिका खंडातील पिके. तिखटावाचून ज्याचा घास उतरत नाही त्या मराठवाड्याला पाच-सहाशे वर्षांपूर्वी मिरची माहीतही नव्हती. काही जिनसा मात्र येथील मातीशीच बांधलेल्या आहेत. लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव त्या त्या मुलखात पिकलेल्या मालालाच लावता येते. बोरसुरीची डाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर एका पातेल्यात आली, तर त्या वरणाला निराळ्या मसाल्याची गरजच काय?

मार्गशीर्ष महिन्याच्या अखेरीस या वाटेने जाणारा मोठा भाग्यवान. लोह्याच्या पुढे माळेगाव येथे खंडोबाची यात्रा भरते. लाल कंधारी बैल, देवणी गाई, घोडे यांचा मोठा बाजार तेथे असतो. खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगे यांचा नैवेद्य प्रिय. यात्रेत धूर, धूळ आणि भंडारा यांत न्हालेला प्रवासी चुलीवर भाजलेल्या वांग्याचा वास घेत पुढे सरकतो. त्याला घाई करून चालत नाही.

आणि त्यानंतर येते अमावास्या. त्या दिवशी लातुरात पोहोचलेल्या प्रवाशाची प्रथम मोठी निराशा होते. ज्या गंजगोलाईच्या चौकातून सोळा रस्ते फुटतात आणि जेथे एरवी पाय ठेवावयास जागा नसते, तेथे शुकशुकाट असतो. दुकाने बंद, खाणावळींना कुलपे. जवळ उभ्या असलेल्या एखाद्या रखवालदाराला कारण विचारावे, तर तो म्हणतो, ‘‘आज येळवस हाय पाव्हणं. गावात कोन बी न्हाई. समदे शेतात गेलेत. तुम्ही बी जावा.’’

‘‘पण आमचे कोणाचे शेत नाही येथे.’’

‘‘मंग काय झालं? कुणाच्या बी शेतात जावा.’’

हे उत्तर थट्टेचे नसते. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि आसपासच्या भागांत वेळ अमावास्या, म्हणजेच येळवस, साजरी होते. सीमेपलीकडे कर्नाटकात याच दिवशी एळ्ळ अमावास्या असते. कानडीत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. पहाटेपासून बायका डोक्यावर टोपल्या आणि मडकी घेऊन शेताकडे निघतात. शेतात कडब्याची खोप उभारलेली असते. तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडून त्यांची पूजा करतात. घरचा कर्ता पुरुष पिकाभोवती फिरून आंबील शिंपडतो. प्रथम जेवते ती जमीन, माणसे नंतर.

मग ज्वारीच्या ताटांमध्ये पंगत बसते. भज्जी हा त्या दिवसाचा राजा. हरभरा, तूर, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे, वांगी, गाजरे, कांद्याची पात, मेथी, चुका, म्हणजे त्या दिवसांत शेतामळ्यांत जे जे हिरवे असेल ते सारे डाळीच्या पिठात एकत्र शिजविलेले असते. तिच्यासोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची गूळ घातलेली खीर. आणि या सर्वांवर ताकात ज्वारीचे पीठ आंबवून, लसणीची चव दिलेली थंडगार आंबील. बांधावरून जाणारा मनुष्य ओळखीचा असो वा नसो, ‘‘या, जेवायला या’’ अशी हाक येतेच. एका शेतात जेवून उठलेल्याला शेजारच्या शेतातील माणसे ओढून नेतात. ‘पोट भरले’ हे कारण तेथे कोणी ऐकत नाही. पैसे देऊ करणाऱ्याचा तर रागच येतो. दुपारनंतर कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हातावर चोळतात. तो हिरवा, गोड, वाफाळलेला हुरडा गुळाबरोबर किंवा चटणीबरोबर तोंडात टाकावा. निवला की त्याची गोडी गेली.

हा उदारपणा सुकाळाच्या प्रदेशातील नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. हा मुलूख अवर्षणाचा आहे. २०१६ साली लातूर शहराला प्यावयाला पाणी उरले नाही, तेव्हा एप्रिल महिन्यात तीनशेहून अधिक किलोमीटरांवरील मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, आणि ते पाहण्यासाठी लोक जमले. अशा वर्षी भज्जीत घालावयास शेतात हिरवे पान मिळत नाही. ते बाजारातून विकत आणावे लागते. तरी हाक मारावयाची ती मारतातच.

ज्वारीवरही आता वेगळेच संकट आहे. सोयाबीनला रोख पैसा मिळतो. ते अल्प काळात हाती येते. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली, आणि ज्वारीचे शेत मागे हटत गेले. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, कारण त्याला मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागवावयाचा असतो. पण ज्याच्या शेतात ज्वारी नाही, त्याच्या येळवसेला अडचण येते. सोयाबीनचा हुरडा होत नाही आणि त्याच्या काडांची खोपही उभी राहत नाही. मग तो आदल्या दिवशी शेजाऱ्याकडे जातो आणि कडब्याच्या चार पेंढ्या मागून आणतो. काही शेतकरी बांधालगत ज्वारीचे दोन-चार तास मुद्दाम पेरून ठेवतात. ‘‘विकायला न्हाई,’’ असे ते सांगतात, ‘‘येळवसेला लागते म्हणून.’’

दिवस मावळू लागला, की कडब्याची पेंढी पेटवून पिकावरून ओवाळतात. काळोखात दूरवर ठिकठिकाणी ते जाळ हलताना दिसतात. टोपल्या रिकाम्या झालेल्या असतात. मुले पेंगत बैलगाडीत नाही तर मोटारीत चढतात. निरोप घेणाऱ्या परक्या प्रवाशाच्या हातात कोणीतरी फडक्यात बांधलेले चार उंडे आणि ओंजळभर हुरडा ठेवते. सकाळी घरून आणलेली त्याची शिदोरी अजून तशीच असते. ती तो खोपीपाशी राखणीस राहिलेल्या म्हाताऱ्यापुढे उलगडतो. म्हातारा धपाट्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकतो, थोडा वेळ चावतो आणि विचारतो, ‘‘कोन्या गावचं म्हणायचं हे?’’