पहिल्या कॅमेऱ्याची निवड : लोणारच्या आधारे

उद्दिष्ट : या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपणांस छायाचित्राचा हेतू आणि कॅमेऱ्याचे गुणधर्म यांतील संबंध सांगता येईल.

प्रास्ताविक
छायाचित्रण शिकू पाहणारा विद्यार्थी प्रथम विचारतो, ‘कोणता कॅमेरा घ्यावा?’ शब्दाची निवड आशयावरून ठरते, तशी साधनाची निवड चित्रावरून ठरते. म्हणून ‘मला कशाचे चित्र हवे?’ हा प्रश्न आधी सोडवावा.

विवेचन
बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण घेऊ. बेसाल्ट खडकात आघाताने बनलेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठावर उभे राहिले असता त्याची कड दोन्ही हातांना इतकी पसरते, की नव्या कॅमेऱ्यासोबत सहसा मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटर भिंगातही ती पूर्ण मावत नाही. सलग चित्रे घेऊन ती जोडावी लागतात. हे काम मोबाइलही करतो.

सरोवराकाठचा पक्षी टिपायचा असेल, तर मात्र ३०० मिलिमीटर किंवा अधिक नाभीय अंतराचे भिंग लागते. मोबाइलवरील चित्र नुसते ताणून मोठे केल्याने पिसांचा तपशील वाढत नाही.

दैत्यसूदन मंदिरातील मंद प्रकाशात गरज निराळी असते. एफ ३.५ ऐवजी एफ १.८ छिद्राचे भिंग वापरल्यास सुमारे चौपट प्रकाश मिळतो. परवानगी असल्यास तिवई लावून शटर अधिक वेळ उघडे ठेवता येते. शिल्प स्थिर असल्याने साध्या भिंगातही चित्र स्पष्ट येते.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. अशा वेळी रंग हाच पुरावा असतो. व्हाइट बॅलन्स स्वयंचलित ठेवल्यास छटा बदलू शकते. म्हणून तो हाताने ठरवण्याची व रॉ स्वरूपात चित्र साठवण्याची सोय पाहावी.

सारांश
प्रथम महिनाभर मोबाइलनेच चित्रे घ्यावीत आणि कोठे अडले ते वहीत लिहावे. वारंवार येणारी अडचण हीच खरेदीची दिशा होय. सर्व पैसा कॅमेऱ्यावर खर्चून भिंगासाठी काही न उरणे, ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे. वापरलेला कॅमेरा घेताना भिंगातील बुरशी आणि शटर किती वेळा वापरले गेले, हे तपासावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न
सिंदखेडराजा येथील राजवाड्यावर पाच छायाचित्रांचा लेख करावयाचा आहे. प्रत्येक चित्राचा हेतू एका वाक्यात लिहा व त्यावरून आवश्यक साधन ठरवा.