ओळख कामातून होते

प्रश्न : आमच्या वसाहतीत मराठी, गुजराती, मुस्लिम, उत्तर भारतीय अशी सगळी कुटुंबं आहेत, पण जिन्यात साधा नमस्कारही होत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : पाण्याच्या, कचऱ्याच्या प्रश्नापासून करा. सणाचा फराळ वाटावाच, पण ओळख मुरते ती सामाईक कामात. भिवंडीचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १९८४च्या दंगलीत होरपळलेल्या या यंत्रमागांच्या शहरात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८नंतर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांची साधी माणसं वरचेवर एकत्र बसू लागली. बारीकसारीक भांडणं तिथंच मिटू लागली. १९९२-९३मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी मात्र शांत राहिली. तुमच्या बैठकीत पुढारी नकोत. किराणावाले, रिक्षावाले, गृहिणी हव्यात. पहिली बैठक येत्या रविवारीच बोलवा.