“आम्ही” हा शब्द
फादर डेमियन यांच्या चरित्रावरून एक पाठ

शास्त्रभाग: मार्क १:४०-४५



या शास्त्रभागावरून प्रभू येशूने कुष्ठरोग्यास बरे केले, एवढेच आपण बहुधा ध्यानात ठेवितो. परंतु त्यास बरे करिताना प्रभूने हात पुढे करून त्याला स्पर्श केला, हेही तेथे सांगितले आहे. ज्याच्या शब्दाने वादळ शांत झाले, त्यास स्पर्शाची गरज ती काय? गरज त्या रोग्यास होती. रोगाने त्याचे शरीर पीडिले होते, पण माणसांच्या दूर राहण्याने त्याचे मन पीडिले होते. या स्पर्शाचा अर्थ ज्यांनी आपल्या आयुष्याने सांगितला, त्यांपैकी एक बेल्जियम देशाचे रोमन कॅथलिक पाळक फादर डेमियन होत. त्यांच्या चरित्रावर “मोलोकाई” हा इंग्रजी चित्रपट १९९९ साली निघाला. त्याचे दिग्दर्शक पॉल कॉक्स असून डेमियन यांचे काम डेव्हिड वेनहॅम यांनी केले आहे. जेथे त्यांनी सेवा केली, त्याच ठिकाणी जाऊन हा चित्रपट घेतला आहे.

१. ते ठिकाण. हवाई बेटे पॅसिफिक महासागरात आहेत. तेथील राज्याने १८६५ साली कुष्ठरोग्यांस वेगळे ठेवण्याचा कायदा केला, आणि १८६६ च्या जानेवारीपासून त्यांस मोलोकाई बेटावरील कालाउपापा येथे पाठवू लागले. तेथे तीन बाजूंस समुद्र व चौथ्या बाजूस उंच कडा. नवऱ्यापासून बायको व आईपासून लेकरू तुटत असे. पुढील शंभर वर्षांत सुमारे ८००० माणसे तेथे गेली. तरी १८६६ सालीच तेथील ३५ रोग्यांनी मिळून एक प्रॉटेस्टंट मंडळी स्थापिली व शिलोह तळ्यावरून तिला नाव दिले. यावरून दिसते की, रोगी म्हणजे केवळ दया घेणारा नव्हे. तोही मंडळी उभारणारा आहे.

२. तो सेवक. डेमियन यांचा जन्म १८४० साली एका शेतकरी कुटुंबात झाला. हवाईस जावयाचे होते त्यांच्या वडील भावाने. तो आजारी पडला, म्हणून हे गेले. १० मे १८७३ रोजी ते मोलोकाईस उतरले. त्यांनी घरे बांधिली, झऱ्याचे पाणी नळाने वस्तीत आणिले, जखमा धुतल्या, शेकडो शवपेट्या आपल्या हाताने केल्या व कबरी खणल्या. चित्रपट दोन तासांत संपतो. ही सेवा जवळजवळ सोळा वर्षे चालली. तीच जखम आज धुवावी आणि उद्या पुन्हा धुवावी, यात पाहणाऱ्यास नवे काही नाही. परंतु सेवा म्हणतात ती हीच.

३. तो शब्द. “तुम्ही रोगी” असे न म्हणता “आम्ही रोगी” असे म्हणण्याचा परिपाठ त्यांनी पहिल्याच वर्षी ठेविला. तेव्हा ते निरोगी होते. १८८४ च्या डिसेंबरात त्यांचा पाय कढत पाण्याने पोळला, आणि वेदना मात्र झाल्या नाहीत. त्यावरून त्यांनी ओळखले की, तो शब्द आता शरीरातही खरा झाला. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, ते मरण पावले.

४. निंदा आणि उत्तर. ही गोष्ट आपण प्रॉटेस्टंटांनी विशेष ध्यानात घ्यावी. त्यांच्या मृत्यूनंतर होनोलुलू येथील रेव्ह. हाइड या प्रॉटेस्टंट पाळकाने, ते गलिच्छ, हट्टी व अशुद्ध आचरणाचे होते, असे एका पत्रात लिहिले आणि ते पत्र छापले गेले. त्यास १८९० साली जाहीर उत्तर दिले ते प्रॉटेस्टंट घरातच वाढलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या ग्रंथकाराने. तो स्वतः कालाउपापास जाऊन राहिला होता. डेमियन यांचे दोष त्याने लपविले नाहीत. परंतु आपण घरी बसलो असता जो तेथे गेला, त्यास नावे ठेवण्याचा आपणास काय अधिकार, असा त्याचा आशय होता. पंथ वेगळा म्हणून दुसऱ्याचे सत्कर्म हलके करणे, हे पाप आपल्याही गावात घडते.

५. आपले कर्तव्य. ज्या १८७३ साली डेमियन मोलोकाईस गेले, त्याच साली नॉर्वे देशाच्या डॉक्टर हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधिला. हा रोग शाप नव्हे, पूर्वजांच्या पापाचे फळही नव्हे. बहुतेक माणसांच्या शरीरास त्याचा प्रतिकार करिता येतो. आज अनेक औषधे एकत्र देऊन तो सहा ते बारा महिन्यांत बरा करितात, आणि सरकारी आरोग्य केंद्रात ही औषधे विनामूल्य मिळतात. उपचार सुरू झाल्यावर लवकरच संसर्गाचे भय उरत नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर लाजू नये, तत्काळ दाखवावे. उशीर झाल्यास हातापायांस आलेले व्यंग औषधाने जात नाही. हवाईतील सक्तीचा कायदा १९६९ साली उठला. आपल्या देशातही २०१९ च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही, आणि हे ख्रिस्ती विवाहासही लागू आहे.

कायदा उठला, औषध आले; आता अंतर उरले असेल तर ते आपल्या मनात. बरा झालेला बंधू उपासनेस येऊन दाराशीच बसतो, आणि “त्यालाच तेथे बरे वाटते” असे म्हणून आपण मोकळे होतो. उपदेशकांनो, येत्या रविवारी त्याचा हात धरून त्यास आपल्या शेजारी बसवा. मग “आम्ही” हा शब्द मंडळीस शिकवावा लागणार नाही.

विचारासाठी प्रश्न
१. प्रभूने त्या रोग्यास स्पर्श का केला?
२. मोलोकाईच्या रोग्यांनी स्वतः मंडळी स्थापिली, यावरून आपण काय शिकावे?
३. आपल्या मंडळीत दाराशी कोण बसतो, आणि का?